न केलेल्या चुकीची माफी

माळावरच्या सावरगव्हाण गावात डोळे तपासायचं एक छोटं केंद्र होतं. तिथे डॉक्टर नव्हते. डॉक्टर दूर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असत. केंद्रातल्या कॅमेऱ्यानं डोळ्याच्या आतला फोटो काढायचा, संगणकातून तो शहरात पाठवायचा, आणि डॉक्टरांनी तो बघून संध्याकाळपर्यंत फोनवर निरोप द्यायचा, अशी रीत होती. कुणाला नुसता चष्मा हवा असायचा, कुणाला थेंब. खरंच गरज असेल त्यालाच शहराची वाट धरावी लागे. आसपासच्या वाड्यांवरची म्हातारी माणसं या केंद्राला दुवा द्यायची.

केंद्र सांभाळायची अनसूया शेंडगे. पूर्वी ती तालुक्याच्या गावी मुलींना संगणक शिकवत असे. बोलायला कमी, पण हातातलं काम अर्धवट टाकायची नाही. केंद्राचा संगणक जुना होता. विकत घ्यावी लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही चालते, म्हणून त्यावर लिनक्स ही प्रणाली घातलेली होती. एक फोटो उघडायचा तर तो एवढा वेळ लावायचा की तेवढ्यात चहा पिऊन व्हावा. तरी तो कधी बंद पडला नव्हता. मागे इन्व्हर्टर असल्यामुळे तो रात्रंदिवस चालूच असायचा.

गावानं केंद्रासाठी नवी खोली बांधली. इंटरनेटची केबलही तिथवर ओढून झाली. आता सामान तेवढं न्यायचं होतं. ते काम खंडूतात्या बंडगरांकडे आलं.

खंडूतात्यांचा टेंपो सगळ्या गावाला ठाऊक होता. काचेचं सामान असो, नवरीचं कपाट असो, देवाची मूर्ती असो, लोक म्हणायचे, तात्यांकडे द्या. तात्यांनी संगणक गोधडीत गुंडाळला आणि मागे न ठेवता आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला. वर पट्टा आवळला. ओढ्याच्या उतारावर मात्र पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि टेंपोला गचका बसला.

नव्या खोलीत गावातली बरीच माणसं जमली होती. केंद्राच्या समितीचे प्रमुख विलासअण्णा देठे यांनी नारळ फोडला. अनसूयानं सगळ्या वायरी जोडल्या आणि संगणक सुरू केला. पडदा उजळला. कॅमेराही चालला. पण इंटरनेट लागेना. नेटवर्कचं कुठलंही साधन सापडलं नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. केबल ज्यात जोडतात ते कार्ड संगणकाच्या पोटात होतं, पण ते आपल्याजवळ आहे हेच संगणकाला कळत नव्हतं.

अनसूयानं केबल बदलून पाहिली. काही फरक पडला नाही. तिनं संगणक उघडून कार्ड पाहिलं. ते आपल्या जागी घट्ट बसलेलं होतं.

"वाटेत काही झालं का?" कुणीतरी विचारलं.

तात्या गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण ते तसे नव्हते.

"ओढ्यात गचका बसला," ते म्हणाले. "जोराचाच बसला."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गावापुरता शोध तिथेच संपला.

अनसूयानं शहरातल्या रुग्णालयात फोन लावला. संगणकाचं बघणाऱ्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हलवताना धक्का लागला होता का?"

"गचका बसला होता म्हणतात."

"मग गेलं कार्ड," तो म्हणाला. "एवढ्या जुन्या संगणकाचं काय घेऊन बसलात? नेताना मोडला असं समितीकडून कळवा. बुधवारी आमची गाडी तुमच्या बाजूला येतेय. नवा पाठवून देतो."

ही बातमी ऐकून विलासअण्णांना बरंच वाटलं. गावाला नवा संगणक मिळणार होता. ते मनानं वाईट नव्हते. उलट त्यांनी सगळ्यांसमोर तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खंडू, तू मनाला लावून घेऊ नकोस. मुद्दाम का केलंस तू? गावानं तुला माफ केलं."

लोकांनी माना हलवल्या. अण्णांच्या मोठ्या मनाचं सगळ्यांना कौतुक वाटलं. तात्या मान खाली घालून बाहेर पडले.

मग अण्णा अनसूयाला म्हणाले, "उद्या फोन करून टाका, नेताना मोडला म्हणून. खंडूचं नाव घेऊ नका."

"अण्णा, तो मोडलाय हे मी अजून पाहिलेलं नाही."

"शहरातला माणूस सांगतोय की."

"त्यानंही पाहिलेलं नाही. त्यानं गचक्याचं ऐकलंय."

अण्णा हसले. "बाई, तुम्हीच म्हणत होता ना, हा फार हळू चालतो म्हणून? नवा आयता येतोय तर येऊ दे."

नवा संगणक अनसूयालाही हवा होता. त्या जुन्या यंत्रापुढे ताटकळून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. फक्त 'मोडला' असं म्हणायचं होतं. कुणी तिला खोटं ठरवणार नव्हतं. तात्यांना तर माफीही मिळाली होती.

"बुधवारपर्यंत मला बघू द्या," ती म्हणाली.

पुढचे दिवस ती सकाळी येणाऱ्या लोकांचे फोटो काढून संगणकात साठवत राहिली. नव्या संगणकाच्या मोहानं तपासणी मात्र रोज उद्यावर जायची. गावात मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज होती. एवढे मोठे फोटो मोबाइलवरून जाण्यासारखे नव्हते. लोकांना ती सांगे, "फोटो घेऊन ठेवलाय. निरोप आला की कळवते." शिवणकाम करणारी सकीना मुलाणीही येऊन गेली. तिची तक्रार साधी होती. सुईत दोरा ओवता येईना, डाव्या डोळ्यापुढे काहीतरी तरंगतं, असं ती म्हणाली.

इकडे खंडूतात्यांना ती माफी जड होत चालली. कुणी त्यांना टोचून बोलत नव्हतं. सगळे गोडच बोलत. काचेच्या कपाटाला गिऱ्हाईक मिळालेला सुतार म्हणाला, "तात्या, एवढी खेप दुसरा कुणी नेईल. तुम्ही दमला असाल." दुसरा म्हणाला, "असू द्या, वय झालं की होतं असं." तात्या आता ओढ्यापाशी आले की टेंपो थांबवत, खाली उतरून खड्डे बघत आणि मगच पुढे जात. आयुष्यभर हातात असलेल्या स्टिअरिंगवरचा त्यांचा भरवसा उडाला होता.

मंगळवारी दुपारी ते केंद्रात आले. लोक जेवायला घरी गेले होते. अनसूया एकटीच संगणकापुढे बसली होती.

"ताई," तात्या म्हणाले, "माझं नाव सांगून टाका त्या शहरातल्या लोकांना."

"कशासाठी?"

"म्हंजे एकदाचं सुटंल. सगळे म्हणत्यात माफ केलं, माफ केलं. पण माफी कशाची मिळाली, ते मला अजून कळंना."

अनसूयानं त्यांच्याकडे पाहिलं. तात्यांचे डोळे तांबारले होते. त्या क्षणी नवा संगणक तिच्या मनातून उतरला.

"तात्या, ही खुर्ची घ्या," ती म्हणाली. "आजवर सगळ्यांनी तुम्हालाच विचारलं. आता आपण संगणकाला विचारू."

तात्या अवघडून बसले. अनसूयानं कळफलकावर एक आज्ञा टाइप केली.

"आता मी त्याला विचारलं, तुझ्या पोटात काय काय जोडलेलं आहे ते सांग."

पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. अनसूया एकेक ओळ बोटानं दाखवत वाचत गेली. आवाजाचं यंत्र, चित्राचं यंत्र, आणखी काहीबाही. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ तिनं पुन्हा वाचली.

"तात्या, हे बघा. हेच ते कार्ड."

"म्हंजे आत हाय ते?"

"आहे. आणि आपलं नाव, आपली कंपनी नीट सांगतंय. गचक्यानं मेलं असतं तर एवढं बोललं असतं का?"

तात्या ओळीकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते बघत राहिले.

"मग चालत का न्हाई?"

तोच प्रश्न अनसूयाच्याही मनात होता. तिनं दुसरी आज्ञा दिली. प्रत्येक यंत्र कुणाच्या हातात दिलं आहे, ते आता संगणक सांगू लागला. इतर सगळ्या नावांखाली ड्रायव्हरचं नाव होतं. कार्डाच्या नावाखाली मात्र ती जागा रिकामी होती.

"ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्राम," अनसूयानं समजावलं. "तो असला तर संगणकाला ते यंत्र चालवता येतं."

"म्हंजे गाडी उभी हाय, पण ड्रायव्हर न्हाई," तात्या म्हणाले.

अनसूयाला हसू आलं. "याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं."

"मग ड्रायव्हर गेला कुठं?"

आता शोधायचं होतं ते हेच. गचक्यानं लोखंड वाकेल, तार तुटेल, पण प्रोग्राम तेवढा निवडून कसा पडेल? अनसूयानं संगणकाची आजवरची नोंद वर वर सरकवत नेली. काही आठवड्यांपूर्वी लिनक्सचा नवा गाभा आपोआप उतरून बसला होता. गाभा म्हणजे त्या प्रणालीचं काळीज. सगळी यंत्रं त्याच्याच हुकमात चालतात. नवा गाभा बसला तरी संगणक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच कारभार बघत राहतो. आणि हा संगणक तर कधी बंदच होत नव्हता.

अनसूया खुर्चीत मागे टेकली. सगळं तिच्या ध्यानात आलं. खोली बदलायची म्हणून संगणक कितीतरी काळानं पहिल्यांदा बंद केला गेला. नव्या खोलीत सुरू झाला तो नव्या गाभ्यावर. कार्ड जुनं होतं. त्याचा ड्रायव्हर वेगळा मिळवून जुन्या गाभ्यात बसवलेला होता. नव्या गाभ्यात तो कुणी बसवलाच नव्हता. संगणक टेंपोतून न नेता, आहे त्या टेबलावर नुसता बंद करून चालू केला असता, तरी हेच झालं असतं.

पण तिनं तात्यांना इतक्यात काही सांगितलं नाही. आपला अंदाज बरोबर वाटतोय म्हणून तो खरा ठरत नाही, हे ती जाणून होती. अंदाजानंच तर या माणसाची ही दशा केली होती.

तिनं संगणक बंद केला. सुरू होताना एक कळ दाबून धरली. पडद्यावर विचारणा आली, कोणत्या गाभ्यावर सुरू करू? तिनं जुना निवडला. जुनाच संगणक तो, उठायला त्यानं आपला वेळ घेतला. तात्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते.

मागच्या बाजूला, जिथे केबल जोडली होती तिथे, एक हिरवा दिवा लुकलुकू लागला.

अनसूयानं आधी काम केलं ते साठवलेले फोटो पाठवायचं. एकामागून एक ते शहराकडे जाऊ लागले. ते पोचल्याची खूण आल्यावर तिनं संगणक पुन्हा बंद केला.

तात्या दचकले. "चालू झालाय की आता. पुन्हा कशाला?"

"खात्री करायला."

तिनं तो मुद्दाम नव्या गाभ्यावर सुरू केला. कार्ड गायब झालं. पुन्हा जुन्यावर सुरू केला. कार्ड परत आलं. या सगळ्यात संगणक टेबलावरून बोटभरही हलला नव्हता. मगच ती तात्यांकडे वळली.

"तात्या, तुमच्या गचक्यानं काहीही झालेलं नाही. नवा गाभा आला आणि ड्रायव्हर मागे राहिला. आपण नेमकं त्याच दिवशी सामान हलवलं, एवढंच."

तात्यांनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पण गचका तर बसला व्हता."

"बसला होता. तुम्ही खरं तेच सांगितलंत. आम्ही त्यावर नको ते रचलं."

तात्यांनी पागोट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एवढ्यात फोन वाजला. शहरातल्या डॉक्टर बोलत होत्या.

"ही सकीना मुलाणी कोण? तिच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागलाय. आजच्या आज पाठवा तिला. उशीर झाला तर डोळा हाती लागणार नाही."

अनसूया धावत सकीनाच्या घरी गेली. पुढची एसटी संध्याकाळची होती, आणि तीही तालुक्यापर्यंतच. अनसूया सकीनाला घेऊन केंद्रावर आली. टेंपो दाराशीच उभा होता.

"तात्या, सकीनाभाभीला शहरात न्यायचंय. निघायचं?"

तात्या मागे सरकले. "दुसरं कुणी बघा, ताई. डोळ्याचं काम हाय. माझ्या हातून नको."

"पडदा नाजूक आहे, म्हणून तर तुम्हीच हवेत," अनसूया म्हणाली. "मघाशी तुमच्या डोळ्यांदेखत सगळं झालं ना? की अजून तुम्हाला त्या गचक्याचंच खरं वाटतंय?"

सकीना पुढे आली. तिनं टेंपोचं दार उघडलं आणि तात्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. "तात्या, चला," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचं सामान तुम्हीच आणलं होतं. एक बशी फुटली नव्हती."

तात्यांनी क्षणभर स्टिअरिंगकडे पाहिलं. मग ते चढले. टेंपो ओढ्याच्या उतारावर आला तेव्हा त्यांनी खाली उतरून खड्डे पाहिले नाहीत. पुढचं चाक हलकेच खड्ड्याच्या कडेनं काढलं आणि ते पलीकडे गेले.

अनसूया मग विलासअण्णांकडे गेली. तिनं त्यांना सगळं सांगितलं. सकीनाचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, "संगणक मोडलेला नाही. नवा मागायला आपल्याला तोंड नाही. मी तसा फोनही केलाय."

अण्णांचा चेहरा पडला. नव्या संगणकाच्या गोष्टी त्यांनी चार ठिकाणी केल्या होत्या. ते म्हणाले, "बाई, एवढं खोलात शिरायला हवं होतं का?"

"बुधवारची वाट पाहिली असती, नवा आणून जोडला असता, तर सकीनाचा फोटो शहरात वेळेवर पोचला असता का, अण्णा? आणि खंडूतात्या जन्मभर न केलेल्या चुकीचं ओझं वाहत राहिले असते."

अण्णा मुळात विचारी होते. त्या संध्याकाळी ते घराच्या ओट्यावर एकटेच बसून राहिले.

सकीनाची शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली. डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी तात्या परतले, तेव्हा केंद्रासमोर माणसं जमलेली होती. अण्णांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. त्या दिवशी ज्यांनी माना हलवल्या होत्या, ते सगळे हजर होते. कपाटवाला सुतारही होता.

तात्या टेंपोतून उतरले. अण्णा पुढे झाले. त्यांनी या वेळी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. हात जोडले.

"खंडू," ते म्हणाले, "त्या दिवशी गावानं तुला माफ केलं होतं. ती माफी आम्ही परत घेतो. तिची तुला काही गरज नव्हती, आणि ती द्यायचा आम्हाला तर मुळीच हक्क नव्हता. आता जमलं तर तू आम्हाला माफ कर."

तात्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. अनसूयाकडेही पाहिलं. ती दारात उभी होती. आत जुना संगणक आपल्या संथ चालीनं पुढचा फोटो उघडत होता.

"केलं," तात्या म्हणाले.

तात्पर्य: बिघाड कुठे आहे हे स्वतः तपासून पाहिल्याशिवाय माणसावर दोष ठेवू नये; ज्याची चूकच नाही त्याला माफ करण्यात दया नसते, तोही अन्यायच असतो.